पॉपीचा पावसाळा

रोपांच्या जाहिरातीत ‘बहुवर्षायू’ असं दिसलं की माझं मन पाघळतं. एकदा लावा आणि वर्षानुवर्षं बघत बसा! त्यातून ओरिएंटल पॉपी म्हणजे जवळजवळ वीतभर रुंदीचं केशरी-लाल फूल, तळाशी काळे डाग. माहेर कॉकेशस, उत्तर इराणकडचं.

परभणीत ते टिकणार नाही म्हटलं की सगळे उन्हाकडे बोट दाखवतात. ऊन बिचारं उगाच बदनाम. हे झाड उन्हाळ्यात आपणहूनच झोपतं. फुलं सरली की पानं पिवळी पडून वाळतात आणि जाडजूड मूळ तेवढं जमिनीत दम धरून राहतं. वैशाखात याहून शहाणपणाचं वागणं कोणतं? घात करतो तो पाऊस. त्याच्या माहेरी उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे ऐन झोपेत मृग येतो, काळी माती पाणी धरून बसते आणि मूळ सडतं. शिवाय त्याला लांबलचक थंडी हवी. आमची थंडी एखाद्या रात्री ५-६ अंशांवर उतरून शेकोट्या पेटवायला लावते आणि संक्रांतीनंतर काढता पाय घेते.

म्हणून मग दरसाल नवं बी. दिवाळीचा फराळ संपला की हंगामी पॉपीचं बी बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर नुसतं भुरभुरायचं. मातीखाली गाडायचं नाही, त्याला उजेड लागतो. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर सोटमूळ दुखावतं आणि ते कायमचं रुसतं. माघात कळ्या येतात, लवदार, मान खाली घातलेल्या. उमलायच्या दिवशी मान ताठ होते, दोन हिरवी निदलं गळतात आणि ट्रंकेत दाबून ठेवलेल्या रेशमी पातळासारख्या चुरगळलेल्या पाकळ्या बाहेर पडतात. बघता बघता सुरकुत्या जातात. एक-दोन दिवसांत पाकळ्याही.

शेजारच्या काकूंना वेगळाच घोर. “अगं, खसखशीचं झाड ना हे? पोलीस यायचे की दारात!”

“ते अफूचं, काकू. त्याला परवाना लागतो, १९८५ चा कायदा आहे. तो मिळतो मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात.”

“मंग अनारशाला लावतो ती खसखस?”

“ती मात्र अफूच्याच बोंडातली.”

काकू गप्प. इतक्या दिवाळ्यांचे अनारसे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

खरं तर पॉपीचं एक भावंड आपल्या बांधावरच उभं असतं, पिवळा धोत्रा. मूळचा मेक्सिकोचा, पण कुळ तेच. पानाला काटे, देठ मोडला की पिवळा चीक, आणि पाकळी तीच, पातळ, चुरगळलेली. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी कोणी घालत नाही. तोही हंगामीच, पण बी असं सांडतो की पुढच्या साली आहेच हजर! “मग तोच लाव की, फुकटात आहे,” काकूंचा सल्ला. पण त्याचं बी विषारी; त्याच्या भेसळीचं मोहरीचं तेल खाऊन १९९८ साली दिल्लीत माणसं दगावली. आणि समजा लावलाच, तर त्या काट्यांतून खुरपणी कोण करणार? काकू तर नाहीच.