पट्टी बांधल्यावर ऐकू आलेला आवाज

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या विभागात, कानात इअरप्लग घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. डाय, म्हणजे प्रेसचा जड साचा, उचलायची असली की क्रेनवाला आणि खाली तिला उचलायचा पट्टा (स्लिंग) बांधणारा हातवाऱ्यांवर काम करतात. म्हणजे एक इंद्रिय बंद ठेवून काम करायची आम्हाला सवय आहे. तरीही शिफ्ट बदलताना घोळ व्हायचेच. ‘तो वरचा सेन्सर जरा बघून घ्या’ एवढं सांगून माणूस बस पकडायला जायचा आणि पुढच्या शिफ्टचा फिटर कुठला सेन्सर म्हणून अर्धा तास शोधत राहायचा. म्हणून मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनच्या लोकांना एकत्र ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं. पवना धरणाच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात.

आधी पाठीला पाठ लावून चित्र काढायचा खेळ झाला. एकाच्या हातात आकृती, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत, दुसऱ्या फेरीत वाटेल तेवढे विचारायचे. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर फरक बघणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. मग तोंड बंद ठेवून जन्मतारखेप्रमाणे रांग लावली. तेही छान झालं. पण मला लिहायचं आहे ते दोरीबद्दल.

बारा जणांच्या डोळ्यांवर पट्ट्या. मधे गवतात लांब दोरीचं वेटोळं. काम एकच : सगळी दोरी वापरून चौरस करायचा, प्रत्येकाचा एक तरी हात दोरीवर हवा, वेळ वीस मिनिटं. चालताना दोन्ही तळवे छातीसमोर धरायचे आणि ट्रेनर ‘थांबा’ म्हणाले की जागच्या जागी थांबायचं, हे आधी नीट शिकवलं होतं.

सुरुवातीची काही मिनिटं नुसता गलका. ‘इकडे या’, ‘नाही, इकडे’. डोळे बांधलेल्या माणसाला ‘इकडे’चा काय उपयोग? आमचे स्टोअरचे काका एरवी फार बोलत नाहीत. त्यांनी ठाम आवाजात सांगितलं, ‘मी स्टोअरवाला बोलतोय. मला दोरी सापडली आहे. मी जागचा हलणार नाही, माझ्या आवाजाकडे या.’ आपण कोण, आपल्याकडे काय आहे आणि समोरच्याने काय करायचं, हे तिन्ही त्यात आलं. हळूहळू सगळे दोरीपाशी पोचले. मग एकेकाने आकडा म्हणून हजेरी दिली. दोन सीनियर सुपरवायझरनी युक्ती काढली : टोकं बांधा, दोरी दुमडा, परत दुमडा, वळतील तिथे चार कोपरे धरा. युक्ती अगदी बरोबर. चार बाजू सारख्या आल्या, सगळे खूश, ‘झालं’ म्हणून आरोळी दिली.

पट्ट्या सोडल्या तर समोर तिरका चौकोन. बाजू चारही सारख्या, पण काटकोन एकही नाही.

खाली बसून चर्चा सुरू झाली तेव्हा ट्रेनरनी विचारलं, ‘कर्ण मोजा असं कोण म्हणत होतं?’ फॅब्रिकेशनकडचा आयटीआयचा ट्रेनी पोरगा दबकत म्हणाला, ‘मी म्हटलं होतं सर. दोनदा.’ फ्रेम काटकोनात आहे की नाही हे कर्ण मापून बघायचं, हे त्याचं रोजचं काम. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर पावलांनी मोजता आलं असतं, वेळही शिल्लक होता. पण त्याचा आवाज कोणापर्यंत पोचलाच नाही. डोळे सगळ्यांचेच बांधलेले होते, कोणाचा हुद्दा कोणाला दिसत नव्हता. तरी आवाज ओळखीचे होते, आणि ओळखीच्या मोठ्या आवाजामागेच सगळे गेले. मी कितीतरी ट्रेनिंगं बघितली आहेत, पण आमच्या शॉपचं दुखणं इतकं स्वच्छ समोर आलेलं कधी बघितलं नव्हतं.

दृष्टिहीनांच्या फुटबॉलबद्दल ट्रेनरनी तिथेच सांगितलं. २००४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. चेंडूत खुळखुळणारे गोळे असतात, गोलकीपर सोडून बाकीचे खेळाडू डोळ्यांवर पट्टी लावतात, आणि चेंडूवाल्याकडे झेपावताना ‘वॉय’ असं ओरडावंच लागतं, नाहीतर फाउल. प्रेक्षकांनीही खेळ चालू असताना गप्प बसायचं. हे शेवटचं मला फार पटलं. बोलणाऱ्याने बोलायचंच, पण ते ऐकू यावं म्हणून बाकीच्यांनी जागा करून द्यायची.

परत आल्यावर शिफ्ट हँडओव्हर आम्ही बदलला. आधी मशीनचा नंबर, मग झालेलं काम, मग राहिलेलं काम. ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडाने परत म्हणायचं. विमानाचे पायलट कंट्रोल टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतात, तसंच. आणि शेवटी सुपरवायझरने शिफ्टमधल्या सगळ्यात नव्या माणसाला नाव घेऊन विचारायचं, ‘तुला काही वेगळं जाणवलं का?’ असंच एकदा एका पोरीने सांगितलं की प्रेसचा क्लच सुटताना आवाज बदललाय. उघडून बघितलं तर लायनिंग झिजत आलेलं. बंद पडायच्या आधी बदलता आलं.

कोणी हे खेळ घेणार असेल तर दोन गोष्टी सांभाळा. पट्टी नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका, त्याला सुरक्षेसाठी बाहेर उभं करा, तेही गरजेचं काम आहे. आणि पट्टी बांधलेल्याला हाताला धरून ओढू किंवा ढकलू नका, त्याला तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. आमच्याकडच्या बायकांना हेच जास्त सोयीचं वाटलं.

पुढची बॅच पावसाळ्यानंतर जाणार आहे. दोरीच्या खेळात या वेळी चारही कोपरे ट्रेनी मुलामुलींच्या हातात द्यावेत, असं मी ट्रेनरना सांगून ठेवलंय.