कुठलं तरी एक मोडलंच पाहिजे

१:१६ मापाचा रिमोटवर चालणारा खेळण्यातला टायगर (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा) तोफेसकट ५३ सेंटिमीटर भरतो. खरा टायगर ८.४५ मीटर, त्याला सोळाने भागून पाहा. वजन तीन-साडेतीन किलो, अंग सगळं प्लॅस्टिकचं. घरातल्या शहाबादी फरशीवर तो बिनतक्रार फिरतो. तोच सोलापूरच्या होम मैदानाच्या कडेला खडी-मातीत सोडला की जागच्या जागी वळताना ट्रॅक टाकतो, म्हणजे चाकांभोवतीचा कड्यांचा पट्टा निसटतो, आणि मालकाच्या डोक्यात मजबुतीचं खूळ शिरतं.

खूळ म्हणायचं कारण असं, की मजबुती वाढवली की मोडायची जागा फक्त पुढे सरकते. प्लॅस्टिकचा ट्रॅक काढून धातूचा घातला की स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे, प्लॅस्टिकचे दात खाल्ले जातात. स्प्रॉकेट धातूचं केलं की दगडात अडकल्याचा झटका थेट गिअरबॉक्सला बसतो आणि तिथले दात उडतात. स्टीलचे गिअर घातले की मोटर तापते. मोठी मोटर घातली की बोर्डावरचे मॉस्फेट, म्हणजे मोटरला वीज सोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, जातात, आणि बहुतेक गाड्यांत बोर्ड हीच सगळ्यात महागडी वस्तू. शंभर रुपयांची दुखणी अशी हजारोंच्या भागापर्यंत चढत जातात. खऱ्या रणगाड्यांची कथा वेगळी नाही. जर्मन पँथरची आखणी ३० टनांच्या वर्गात सुरू झाली, गाडी उभी राहिली ती ४५ टनांच्या आसपासची, आणि वाढलेलं ओझं आलं स्प्रॉकेटजवळच्या शेवटच्या गिअरजोडीवर. ती जोडी पँथरचं कायमचं दुखणं होऊन बसली.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ठरवायचं, की या गाडीत आधी काय मोडलेलं परवडेल? बाकी सगळं त्याच्याहून थोडं मजबूत करायचं, आणि थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही.

हत्यारं साधीच लागतात. हातड्रिल, बारीक कानस, २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, फेव्हिक्विक, अरल्डाइट. सायकलवाल्याकडचे तुटके स्पोक, स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानाबाहेर पडलेले ॲल्युमिनियमच्या अँगलचे तुकडे. टेबलावर जुना सोलापुरी टॉवेल अंथरायचा. त्याच्या फासांत स्क्रू अडकून राहतो, घरंगळत कपाटाखाली जात नाही.

पहिलं काम खालच्या पेटीचं, म्हणजे गाडीच्या खालच्या अंगाचं. दोन्ही गिअरबॉक्स पेटीच्या तळाला स्क्रूने धरलेले असतात. जोर आला की तळ लवतो, स्प्रॉकेट किंचित आत झुकतं आणि ट्रॅकची कड दातांवर चढते. लोक ट्रॅकला दोष देतात, पण लवतो तो तळ. १२ मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा अँगल घ्या, पेटीच्या आतल्या रुंदीहून एक मिलिमीटर आखूड कापा आणि गिअरबॉक्सला अगदी खेटून आडवा बसवा. दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे दोन-दोन बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप न सुटणारा), खाली अरल्डाइट. चिकटवायची जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायला विसरू नका, गुळगुळीत प्लॅस्टिकवर अरल्डाइट पापुद्र्यासारखा सुटून येतो. बोल्टची डोकी चाकांच्या दांड्यांना घासत नाहीत ना, हे भोक पाडण्याआधी बघायचं.

आता ताण. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, ढिला राहिला तर सूत गुंततं, फार ओढला तर तुटतं, ट्रॅकचंही तेच. पण ताण कुठे बघायचा ते गाडीवर ठरतं. टायगर आणि अमेरिकन शर्मन रणगाड्याचं स्प्रॉकेट पुढे. गाडी पुढे जाताना जमिनीची ओढ मागच्या आयडलरला (ट्रॅक ताणून धरणाऱ्या, मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला) वळसा घालून वरच्या बाजूने स्प्रॉकेटपर्यंत येते. म्हणजे वरचा पट्टा ताठ, आयडलरवर दुप्पट ओढ, आणि ढिलाई साचते ती पुढे, स्प्रॉकेट आणि पहिल्या चाकाच्या मधे. टी-७२ किंवा टी-९० या रणगाड्यांचं स्प्रॉकेट मागे. तिथे खालचा पट्टा ताठ आणि वरचा सैल. म्हणून टायगरमध्ये आधी आयडलर ज्यावर फिरतो तो खांब सांभाळा, टी-७२ मध्ये गिअरबॉक्सची बैठक. रिव्हर्समध्ये हिशोब उलटा होतो, म्हणून मागे घेता घेता वळवणं ही ट्रॅक पाडायची हमखास रीत.

टायगरचा प्लॅस्टिकचा खांब वाकत असेल तर तो कापून तिथे आयडलरच्या भोकात बसेल असा बोल्ट घाला, आतून मोठा वॉशर आणि नायलॉक नट. पेटीतलं भोक कानशीने पुढे-मागे लांबवून आठ मिलिमीटरची खाच केली की ताण कमी-जास्त करायची सोयही झाली. ढिलाईच्या जागी बोटाने दाबल्यावर ट्रॅक पाच-सहा मिलिमीटर खाली जावा. अजिबात जात नसेल तर मोटर तो ताण ओढण्यातच दमते. धातूचा नवा ट्रॅक पहिल्या काही फेऱ्यांत लांबतो, कारण पिनांची भोकं झिजून बसतात. तेव्हा एक कडी काढायची. पिन बाहेर सरकत असेल तर फक्त टोकाला फेव्हिक्विकचा ठिपका द्या. आत उतरला तर कडी आखडते.

चाक पेटीला जोडणाऱ्या दांडीचा खुंट तुटला तर नवी दांडी मागवायची घाई नको. सायकलचा साधा स्पोक दोन मिलिमीटरचा असतो. खुंटात आणि दांडीत समोरासमोर दोन मिलिमीटरचं भोक पाडा, बारा मिलिमीटरचा तुकडा कानशीने खरखरीत करा, अरल्डाइटमध्ये बुडवून बसवा आणि रात्रभर हात लावू नका. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर त्यात खाण्याचा सोडा भरून वर फेव्हिक्विकचा थेंब टाका. क्षणात दगड होतो. तो तापतो आणि त्याचा वाफारा डोळ्यांना झोंबतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. मग नव्याने बारीक भोक.

थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांवर लावायचा द्रव, धातूत धातू असेल तिथेच. गाडीच्या अंगाच्या एबीएस प्लॅस्टिकला तो लागला की काही दिवसांत बारीक तडे जातात, आणि स्क्रू घट्ट राहतो पण त्याच्या भोवतालचा खांब फुटतो. प्लॅस्टिकशेजारी नायलॉक नटच बरा. तोच नियम वंगणाला: सिलिकॉन ग्रीस, तेही दातांवर पातळ. घरात मागाचं तेल आहे म्हणून ते ओतू नये. सोलापूरची धूळ तेलात मिसळली की गिअरचे दात घासायची पेस्टच तयार. यंत्रमागाच्या वस्तीत आणखी एक उपद्रव म्हणजे सूत. तंतू ॲक्सलला गुंडाळत बुशात शिरतात आणि चाक जड होतं. ब्लेडने कापून चिमट्याने ओढायचे. पावसाळ्यातली काळी माती तर टायगरच्या एकात एक शिरलेल्या चाकांमध्ये भरून वाळली की गाडी जाम. रशियात खऱ्या टायगरचीही चाकं चिखल गोठून अशीच अडकत.

विजेचा भाग थोडक्यात. निकेलची ७.२ व्होल्टची बॅटरी काढून दोन सेलचा लिथियम-आयन पॅक चालतो. पूर्ण चार्ज ८.४ व्होल्ट. तीन सेलचा १२.६ होतो, तो साध्या बोर्डाला लावू नका. जुन्या बोर्डांना कमी व्होल्टेजला बंद पडायची अक्कल नसते, म्हणून पॅकला बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं छोटं सर्किट, हवंच. मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत चार्जिंग करू नये. ४५ अंशांच्या वर या सेलना चार्ज करणं धोक्याचं, आणि इथे बाहेरच पारा ४२-४३ ला टेकतो. थ्रीडी प्रिंटचे पीएलए प्लॅस्टिकचे भाग बसवले असतील तर उन्हात बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडून वाकतात.

राहता राहिला मुद्दा मोडू द्यायच्या भागाचा. गिअर प्लॅस्टिकचे असतील तर ट्रॅकही प्लॅस्टिकचाच ठेवा. कडी तुटेल, गिअर वाचेल. फरशीवर आणि गच्चीवर चालवणाऱ्याला धातूचा ट्रॅक लागतच नाही, तो कितीही देखणा वाजत असला तरी. ज्याला हवाच आहे, त्याने गिअर स्टीलचे करावेत आणि बॅटरीच्या तांबड्या वायरवर मोटरसायकलमध्ये असतो तसा पात्याचा फ्यूज बसवावा. १० अँपिअरपासून सुरुवात करा. नुसत्या वळण्याने उडाला तर १५ चा लावण्याआधी ट्रॅकचा ताण तपासा, बहुतेकदा दोष तिथेच सापडतो. दोन सुटे फ्यूज आणि चार पिना बॅटरीच्या कप्प्यातच सेलोटेपने चिकटवून ठेवा.