हुशार आहे हो, पण माणूस कसाय?

दहावीचा रिझल्ट लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नुसता टक्क्यांचा पाऊस, फोटो काय, केक काय. मीपण अंगठ्याचे इमोजी टाकतो सगळ्यांना, पण डोक्यात येतं की त्या बी विंगमधल्या पोराचं काय झालं, त्याचा फोटो नाही दिसला. ही आईची सवय. मी मार्कलिस्ट पुढे केली की चांगलंय म्हणायची आणि लगेच, शेजारचा पास झाला का रे? नाही? मग आधी त्याच्याकडे जाऊन ये, आणि पेढे नको नेऊस. भयंकर राग यायचा तेव्हा, रात्ररात्र घासून कौतुक काय तर चांगलंय!

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पोस्टमन, साताऱ्याकडच्या माण तालुक्यात. तिकडची कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची. गिरणीतला माणूस पैसे पाठवणार, वर कमिशन भरणार, आणि फॉर्मच्या खाली इवल्याशा जागेत दोन ओळींचा निरोप, तो वाचून दाखवायचं कामही बऱ्याचदा पोस्टमनवरच. अण्णांचं शिक्षण सातवी. पण म्हातारीचे पैसे दारुड्या पोरादेखत मोजायचे नाहीत, तो बाहेर पडला की परत फेरी मारायची, हे त्यांना कुणी ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं. पत्रात वाईट बातमी असली तर आधी पाणी मागायचे, टेकायचे, घरात अजून कोण आहे का बघायचे आणि मगच वाचायचे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि मनीऑर्डरी आटल्या. सायकलची घंटी ऐकून बायका दारात यायच्या आणि अण्णांच्या पिशवीत त्यांच्यासाठी काहीच नसायचं. पायडल मारून सटकता आलं असतं की, पण हे थांबणार, वैनी आज काय नाही आलं, शेरडी व्याली का, पोरगं शाळेत जातंय ना, असलंच काहीबाही बोलणार. त्यात घरी यायला अंधार व्हायचा, आई करवादायची आणि करवादत करवादतच भाकरी टाकायला घ्यायची.

पुढे ताईला स्थळं यायला लागली. एक मुलगा इंजिनिअर, कॉलेजात पहिला आलेला, दिसायलाही झकास, सगळे नातेवाईक खूश. चहा चालू असताना त्याची आई मध्येच काहीतरी बोलली तर हा म्हणाला, तुला काय कळतंय त्यातलं, गप्प बस. अण्णांनी चहा संपवला, त्यांना स्टँडपर्यंत सोडून आले आणि म्हणाले, नको. मामा हट्टाला पेटला, अहो एवढा हुशार मुलगा! अण्णा म्हणाले, असेल की, आपल्याला काय त्याच्याकडून गणितं सोडवून घ्यायचीत?

मग ताईनं ज्याच्याशी लग्न केलं त्याचा डिप्लोमा रखडत रखडत झालेला, मॅथ्स तर किती वेळा राहिला त्यालाच माहीत. ताई अजूनही मधूनच ऐकवते त्याला, विशेषतः दूधवाल्याचा हिशोब चुकला की.