पाद्र्यांनी जपलेली देवांची नावं

२४ जून

आज लिथुएनियात सुट्टी. सरकारी यादीत हा सेंट जॉनचा दिवस आहे, पण केर्नावेच्या टेकड्यांवर काल रात्रभर जाळ करून गाणी म्हणणारी बरीच माणसं या सणाला ‘रासोस’ म्हणतात, म्हणजे दवाचा सण. १९६७ साली, सोव्हिएत अमलात, योनास त्रिंकूनास आणि त्यांच्या मित्रांनी तो तिथे पुन्हा सुरू केला. पुढे १९७३ मध्ये त्रिंकूनासांना या उद्योगांपायी विल्निअस विद्यापीठ सोडावं लागलं. देश स्वतंत्र झाल्यावर १९९२ मध्ये ‘रोमुवा’ ही जुन्या बाल्टिक धर्माची संघटना रीतसर नोंदली गेली.

सध्या रोमुवाबद्दल मिळेल ते वाचते आहे. आजच्या युरोपातल्या पेगन लोकांना, म्हणजे ख्रिस्तपूर्व जुने धर्म पाळणाऱ्यांना, ख्रिस्ती धर्माविषयी नेमकं काय वाटतं, हे मला समजून घ्यायचं आहे. राग असणार हे धरूनच चालले होते. तो आहेच. लिथुएनिया हे युरोपातलं सर्वांत उशिरा बाटलेलं राज्य. १३८६ मध्ये तिथला शासक योगाइला याने पोलंडच्या गादीसाठी बाप्तिस्मा घेतला आणि १३८७ मध्ये प्रजेलाही घ्यायला लावला. पवित्र अग्नी विझवले, देवराया तोडल्या, असं पोलिश इतिहासकार द्लुगोश लिहून गेला. इतक्या जवळचा घाव सहज विसरला जात नाही.

पण रागाच्या पलीकडचं जे सापडलं, त्याने मी जास्त हलले. रोमुवाचा सगळा पाया लोकगीतांवर, दाइनांवर आहे. यांना ग्रंथ नाही, संस्थापक नाही. आणि ही गाणी लिहून ठेवली कोणी? पहिला मोठा संग्रह १८२५ मध्ये काढला लिउद्विकास रेझा यांनी, ते ल्यूथरन पाद्री. त्यानंतर हजारो गाणी गावोगाव फिरून उतरवून घेतली आंतानास युश्का यांनी, ते कॅथलिक धर्मगुरू. त्याही मागे जा. लिथुएनियन भाषेतलं पहिलं छापील पुस्तक १५४७ चं, मार्तीनास माझ्वीदास यांची ख्रिस्ती प्रश्नोत्तरी. प्रस्तावनेत ते लोकांना दटावतात की, अजून पेर्कूनासला काय भजता, झेमेपातिसला काय भजता! त्या दटावण्यातून ती नावं छापली गेली आणि टिकली. ज्या धर्माच्या नावाने देवराया तोडल्या, त्याच धर्माच्या माणसांनी देवांची नावं पुढच्या पिढ्यांच्या हाती दिली. हे दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक सांगून दुसरं लपवणारा माणूस, मग तो कुठल्याही बाजूचा असो, मला पटत नाही.

यातूनच एक दावा येतो, जो पेगन मंडळी वारंवार करतात: वरचा मुलामा ख्रिस्ती, आतला गाभा आमचा. सेंट अगाथाच्या दिवशी, ५ फेब्रुवारीला, चर्चमध्ये मंतरलेली भाकरी आगीपासून रक्षण व्हावं म्हणून घरात ठेवतात. रोमुवाचे लोक म्हणतील, ही तर आमची गाबिया, चुलीतली अग्निदेवी. असेलही. पण जिने आयुष्यभर अगाथेलाच हाक मारली, तिची हाक मुखवटा कशी ठरवायची? आपल्या आजीला आपण नक्की कोणाला भजतो हे कळत नव्हतं, असं म्हणणं मला तिच्यावर अन्याय करणारं वाटतं. शेकडो वर्षं मनापासून केलेली भक्ती उसनी राहत नाही.

चर्चची बाजू मात्र त्याहून कमकुवत आहे. लिथुएनियात १९९५ च्या कायद्याने नऊ धर्मसमुदाय ‘पारंपरिक’ ठरवले. त्यात कॅथलिक आहेत, ज्यू आहेत, सुन्नी मुस्लिम आहेत, ज्यू परंपरेतून आलेल्या कराईट या छोट्या पंथाचे मूठभर लोकही आहेत. पेर्कूनासचे भक्त मात्र नाहीत! नोंदणीला पंचवीस वर्षं झाल्यावर रोमुवाने राज्याच्या मान्यतेसाठी अर्ज केला. बिशपांच्या परिषदेने खासदारांना विरोध कळवला आणि २०१९ मध्ये संसदेने मान्यता नाकारली. ८ जून २०२१ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की हा भेदभाव आहे, राज्य तटस्थ राहिलं नाही. तरी प्रत्यक्ष मान्यता मिळायला डिसेंबर २०२४ उजाडला. रोमुवाची मागणी चर्च मोडा अशी नव्हतीच. आमचं लग्न कायद्याने ग्राह्य धरा, आम्हालाही धर्म म्हणा, एवढंच. आपण धर्म आहोत की नाही हे शेजारच्या धर्माने ठरवू नये, ही त्यांची खरी तक्रार आहे, आणि ती मला शंभर टक्के मान्य आहे.

आपल्याकडचा एक धागा यात आहे. २००३ मध्ये हिंदू संघटनांच्या पुढाकाराने जगभरच्या प्राचीन परंपरांच्या ज्येष्ठांची परिषद मुंबईत भरली, आणि युरोपातले पेगनही तिला आले. अग्नीपुढे बसणाऱ्या दोन परंपरांना एकमेकींची ओढ वाटावी हे मला सुंदरच वाटतं. पण ती मैत्री ‘आपला शत्रू एक’ यावर उभी राहणार असेल तर मला तिची धास्ती वाटते. लिथुएनियात पेगन मूठभर आहेत आणि चर्च बलाढ्य. इथे संख्या नेमकी उलट आहे. तिथली दुखऱ्याची तक्रार जशीच्या तशी उचलून इथल्या वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती शेजाऱ्यावर रोखायची, हे मला मुळीच मान्य नाही. विल्निअसच्या अल्पसंख्याकासाठी मी जे मागते, तेच मला वसईतल्या अल्पसंख्याकासाठीही मागावं लागेल.

आता युश्कांच्या संग्रहातल्या गाण्यांचे अनुवाद कुठे मिळतात ते बघते आहे. ही गाणी लिहून घेताना त्या धर्मगुरूंच्या मनात काय चाललं असेल, याचं कुतूहल मला स्वस्थ बसू देत नाही.