उलाळ झालेला ट्रॅक्टर आणि भंगारातले तीन शाफ्ट

मागच्या वर्षी द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीच्या, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाच्या, फवारण्या जोरात चालल्या होत्या, हवा पावसाळी, ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागं लटकणारं टाकीचं फवारणी यंत्र, दिवसाआड बाहेर. एके दिवशी टाकी फुल्ल करून विहिरीजवळचा चढ चढत होतो, क्लच सोडला आणि पुढची दोन्ही चाकं उचलली. फार नाही, वीतभर असतील, पण स्टेअरिंग हातात असं हलकं फिरलं की घसाच कोरडा पडला. आबा बांधावर उभे होते, ते एवढंच म्हणाले, "गाडी उलाळ झालीय रं."

बैलगाडी हाकलेल्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही. मागं माल जास्त झाला की जू वर उठतं आणि बैलांचा गळा आवळतो, मग थोडा माल धुरेकडं, म्हणजे पुढं, सरकवायचा. ट्रॅक्टरलाही तेच लागू, फक्त इथं सरकवायला काही नाही, पुढं नवीन वजन टांगावं लागतं.

खरंच किती उलाळ आहे ते बघावं म्हणून ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली. काटेवाला हसला, पण करू दिलं. नुसता ट्रॅक्टर ९०० किलोचा, त्यातलं पुढच्या चाकांवर ३६०. मागं ४०० लिटरचा भरलेला ब्लोअर उचलला तर पुढं राहिले ७०! आता हिशोब बघा, रिकामा ब्लोअर दोनशेचा, पाणी चारशे, म्हणजे ६०० किलो मागच्या एक्सलच्या अडीच फूट मागं लटकलेत, आणि दोन एक्सलमधलं अंतर पाच फूट, म्हणजे निम्मं वजन, ३०० किलोच्या आसपास, पुढून उचललं जाणारच. म्हणूनच शेवटच्या ओळीला टाकी रिकामी होत आली की स्टेअरिंग आपोआप शहाण्यासारखं वागायला लागायचं, आणि इतके दिवस मला वाटत होतं की माझा हात बसतोय.

पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार राहिला पाहिजे असा ठोकताळा आहे, म्हणजे माझ्यासाठी १८०. एकानं सांगितलं मागच्या टायरात पाणी भर. पाणी भरून पकड वाढते हे खरं, पण ट्रॅक्टर ज्या एक्सलवर उलटतो त्याच एक्सलवर ते वजन बसतं, पुढचं उचलणं थांबवायला त्याचा उपयोग नाही. दुसरा म्हणाला तेलाच्या डब्यात काँक्रीट ओत. २० लिटरच्या डब्यात पन्नास किलोच्या आतच मावतं, असे तीन डबे नाकासमोर टांगले तर ओळीच्या टोकाला वळायचं कसं, तिथं आधीच द्राक्षाच्या मांडवाच्या ताणाच्या तारा आणि लोखंडी अँगल. तिसऱ्यानं रेल्वेच्या रुळाचा तुकडा सुचवला. मीटरला ५२ नाहीतर ६० किलो, मोह पडावा असाच, पण रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून कायदा आहे, वजनापायी चौकीत कोण बसणार.

शेवटी भंगारात १०० मिलीमीटर जाडीचा जुना भरीव गोल शाफ्ट सापडला. दोन-दोन फुटांचे तीन तुकडे कापून घेतले, एकेक ३७-३८ किलोचा, दोन्ही हातांनी उचलता येतो. ५५ रुपये किलोनं सहा हजारांच्या वर गेले, बाकी लोखंड आणि मजुरी वेगळी.

वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना म्हटलं, पुढं थेट वेल्डिंग मारून टाका. ते म्हणाले, "दादा, ते बीड आहे, ओतीव लोखंड, वेल्डिंगनं तडकलं तर गेला ट्रॅक्टर." मग बंपरची जी भोकं होती तिथंच बोल्टनं बसेल असा ब्रॅकेट केला: ७५ मिलीमीटरच्या लोखंडी चॅनेलचे दोन हात, पुढं १० मिलीमीटरच्या लोखंडी पाटाचा पाळणा, कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या. पाळण्यात खाली दोन शाफ्ट, वर मधोमध तिसरा, त्यावर दाबपट्टी. बोनेट उघडतं का आणि रेडिएटरची जाळी मोकळी राहते का एवढं बघून घेतलं, आणि खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी डावं चाक बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर, चढलं आणि खडाक! पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो हे आम्ही दोघंही विसरलो होतो. अंगणात सपाटीवर सगळं बरोबर दिसत होतं, एक चाक वर गेल्यावर एक्सलचं टोक पाळण्याच्या मागच्या कडेला जाऊन भिडलं, रंग उडाला आणि पाटाला चंद्रकोरीसारखा खड्डा पडला. परत दुकानात. या वेळी एकेक चाक जॅकवर पार अडेपर्यंत उचललं, त्याच अवस्थेत स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवलं, मग मागची कड दीड इंच कापली. हे आधी केलं असतं तर एक दिवस वाचला असता. साधे बोल्टही तेव्हाच बदलले, डोक्यावर ८.८ कोरलेले, म्हणजे जास्त ताकदीचे, टाकले, आणि पहिल्या फवारणीनंतर पाना लावला तर दोन बोल्ट पाव-पाव वेढा फिरले, म्हणजे पुन्हा आवळणं गरजेचंच होतं.

ब्रॅकेट धरून १३० किलो झाले, पण ते एक्सलच्या दीड फूट पुढं असल्यामुळं चाकांवर त्याहून जास्त पडतात. काट्यावर परत गेलो, भरलेल्या ब्लोअरसकट पुढं २४० आले. काटेवाला या वेळी हसला नाही, उलट मापं लिहून घेतली.

ब्लोअर काढला की वजनंही काढायची असं ठरवलंय, नाहीतर ओल्या रानात पुढची चाकं उगीच रुततात. पण काढून ठेवलेले शाफ्ट जागेवर सापडतील तर शपथ. आबांनी त्यातले दोन बेदाणा शेडच्या ताडपत्रीवर ठेवलेत, वारं सुटतं म्हणून, आणि फवारणीच्या दिवशी पहाटे पाचला मी ते उचलून आणतोय.