रंकाळ्याच्या गावात ऐकलेला कोयनेचा भूकंप

आम्ही लातूरकडची माणसं, भूकंप म्हटलं की आमच्या डोळ्यापुढं एकच तारीख येते, ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या जरा आधी किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या, हजारो गेले. त्यामुळं कोल्हापूरला मैत्रिणीच्या सासरी मुक्कामाला गेले तेव्हा महाद्वार, तांबडा पांढरा वगैरे झालंच, पण मला खरी ओढ होती ती इथल्या जुन्या माणसांकडून कोयनेबद्दल ऐकायची.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. इथं सांगतात की पूर्वी ही दगडाची खाण होती आणि नवव्या शतकात कधीतरी भूकंप होऊन तिच्यात पाणी भरलं. जवळच्या नंदीचीही गोष्ट आहे, तो म्हणे रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो, ज्या दिवशी तळ्याला टेकेल त्या दिवशी प्रलय. मला ही गोष्ट फार आवडली, कारण पायाखालची जमीन हलू शकते हे या गावानं किती आधीपासून मनात धरलंय ते त्यातनं कळतं.

घरी आल्यावर मैत्रिणीच्या आजेसासूबाईंना विचारलं तर त्या एकदम सावरून बसल्या. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले. त्यांचं नवीन लग्न झालेलं. "आधी घुमल्यागत आवाज आला बघ, मग फळीवरची पितळी डबी धडाधडा खाली. सासरं वराडलं, भायेर पळा! थंडी कसली होती, पण आत जायला कुणी तयार न्हाई. लई दिस अंगणातच निजलो."

कोयनानगर इथून शंभरेक किलोमीटरवर, तरी एवढा धक्का. तिकडं पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, गाव उद्ध्वस्त झालं, धरणाच्या भिंतीला तडे गेले, मुंबईची वीज गेली. धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागल्यापासूनच बारीक धक्के सुरू झाले होते. पाण्याचं वजन आणि खडकाच्या भेगांत मुरलेलं पाणी यामुळं आधीच ताणलेला खडक सरकतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. जगभर या विषयात कोयनेचं नाव घेतात.

आणि ते धक्के अजून थांबलेले नाहीत, हाच आमच्यात आणि यांच्यात फरक. आमच्याकडं ती एक काळी पहाट आहे, सगळं तिच्या आधी आणि नंतर मोजतात. इथं अधूनमधून कोयना-वारणा पट्ट्यात हललं की लोक एकमेकांना विचारतात, तुला जाणवला का? आजींच्या स्वयंपाकघरात फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली आहे, डबे घसरू नयेत म्हणून, ६७ सालापासून! जड भांडी सगळी खाली. मला ती पट्टी बघून भरून आलं, आमच्या गावात हे कुणी आधी सांगितलं असतं तर असं वाटून गेलं.

"तुमच्याकडं किल्लारीला आमच्या गल्लीतनं चादरी गोळा करून धाडल्या हुत्या," आजी म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की कोयनेजवळ गोठण्याला शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल बोअर मारलंय, खालच्या खडकात काय चाललंय ते बघायला.

"मग आता कधी येणार ते आधी सांगत्यात व्हय?"

अजून तसं सांगता येत नाही, म्हटलं.

"मग पट्टी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.