असेना, तरीही : रॉबर्ट बर्न्सच्या गाण्याचं मराठी वजन

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 'अ मॅन्स अ मॅन फॉर ऑ' दॅट' ('ते सगळं असूनही माणूस तो माणूसच') या गाण्यात एक शब्दजोडी २९ वेळा येते : 'ऑ' दॅट', म्हणजे 'ते सगळं'. कडवी पाच, प्रत्येकी आठ ओळी. चार कडव्यांत ती सहा-सहा वेळा, चौथ्यात पाच वेळा. चौथ्यात एका ठिकाणी तिच्याच यमकाचा 'फॉ' दॅट' येतो, म्हणजे 'त्यावर हक्क सांगणं'. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ हे गाणं टिकलं, त्याचं मोठं कारण या दोन फुटकळ शब्दांत आहे. मराठीत आणताना बहुतेक प्रयत्न फसतात तेही इथंच.

फसतात कारण 'ऑ' दॅट' एकच असलं तरी त्याच्या मागचा शब्द बदलतो. 'अॅन ऑ' दॅट' म्हणजे 'वगैरे, नि बाकी सगळं'. 'फॉर ऑ' दॅट' म्हणजे 'ते सगळं असूनही'. लॉर्डाच्या फिती, तारे, रुबाब हे सगळं 'वगैरे'त ढकलायचं आणि लगेच त्याच सुरात 'असूनही' म्हणून माणसाला उभं करायचं, ही या गाण्याची चाल. एकाच आवाजाचे दोन शब्द तुच्छतेकडून ठामपणाकडे नेतात. भाषांतरकार याचं 'मानव सारे समान' करून टाकतो, आणि गाण्याचं भाषण होतं.

मराठीत 'असेना' आणि 'तरीही' ही जोडी इथं नेमकी बसते. 'श्रीमंत असेना का!' हे आपण रोज म्हणतो, त्यात तीच झटकून टाकण्याची लकब आहे. 'तरीही' उरलेलं काम करतो. शिवाय दोन्ही शब्द तीन अक्षरी, दोन्ही लघु-गुरु-गुरु, म्हणजे य गण. मूळच्या 'फॉर ऑ' दॅट'मध्येही मधल्या अक्षरावर जोर आणि दोन्ही बाजू हलक्या. त्यामुळे चालीला धक्का न लावता हे शब्द तिथं ठेवता येतात. पाचव्या ओळीत मूळ शब्दजोडी दोनदा येते, तिथं 'असेना, तरीही' अशी सहा अक्षरं होतात, मुळातही सहाच. मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत त्याचा हा बरोबर अर्धा चरण, त्यामुळे मराठी कानाला तो परका वाटत नाही.

तोटाही आहे. मुळातला एकच आवाज इथं दोन शब्दांत वाटला जातो. 'असेना' एकट्यानं चालवून पाहिलं तर 'मनुष्य तो असेना' अशी ओळ होते आणि अर्थ उलटतो : असू दे की तो माणूस! म्हणून निष्कर्षाच्या ओळीला 'तरीही'च हवं. मोडीत काढायच्या ओळीला 'असेना', उभं करायच्या ओळीला 'तरीही', हा नियम पाचही कडव्यांत पाळला की गोंधळ होत नाही.

ओळींचं माप मुळात असं आहे : ८, ७, ८, ७, ६, ७, ८, ७ अक्षरं. आठ अक्षरांच्या ओळीत हलकं-जड, हलकं-जड अशा चार जोड्या येतात. आपल्याकडे हेच प्रमाणिका वृत्त : ज, र, ल, ग. दुसरं, चौथं, सहावं आणि आठवं अक्षर गुरु पाहिजे. कष्टाच्या भाकरीचं दुसरं कडवं या मापात असं उतरतं :

जरी सुकीच भाकरी,
नि घोंगडे असेना,
खुळ्यांस वस्त्र रेशमी,
मनुष्य तो तरीही.
असेना, तरीही,
तो थाट का असेना,
खरा नि रंक तो पहा
राजा जगी तरीही.

मुळात खुळ्यांना रेशीम आणि लबाडांना वाइन असं दोघांचं वाटप आहे. वाइन मापात बसली नाही, तिला सोडावं लागलं. 'घोंगडे' मात्र आहे तसंच ठेवा. मूळ शब्द 'हॉडन ग्रे', म्हणजे काळी आणि पांढरी लोकर न रंगवता एकत्र कातून विणलेलं जाडंभरडं राखाडी कापड, गरीब शेतकऱ्याचा वेष. आपल्या धनगरी घोंगडीशी त्याचं इतकं जवळचं नातं आहे की दुसरा शब्द शोधूच नये. 'साधे वस्त्र' म्हटलं की लोकरीचा वास जातो. सातव्या ओळीत 'खरा गरीब' लिहिण्याचा मोह होतो, मापातही तो बसतो. पण गाताना दोन शब्दांत विराम राहत नाही आणि 'खरोखर गरीब' असा भलताच अर्थ ऐकू येतो. 'खरा नि रंक' म्हटल्यावर तो घोळ सुटतो, आणि पुढच्या ओळीत 'राजा' येताच रावरंकाची जुनी जोडी जुळते.

पहिल्या कडव्याची पहिली ओळ भल्याभल्यांना चकवते. 'इज देअर फॉर ऑनेस्ट पॉव्हर्टी' हा 'प्रामाणिक गरिबी असते का?' असा प्रश्न नाही. वाक्य पुढच्या ओळीत पुरं होतं : प्रामाणिक गरिबीपायी मान खाली घालणारा कुणी आहे का? असेल तर त्या भेकडाला ओलांडून आपण पुढं जातो. गरिबीची आरती इथं नाही, तिची लाज न बाळगण्याचं धैर्य आहे. 'गरिबी थोर' असा सूर लावला की गाणं खोटं पडतं.

याच कडव्याच्या शेवटी गिनी येते. हुद्दा म्हणजे गिनीवरचा छाप, सोनं म्हणजे माणूस. ही उपमा वडोदऱ्याच्या, म्हणजे आपल्या बडोद्याच्या, सराफाला समजावून सांगावी लागणार नाही. गिनी हे इंग्लंडचं सोन्याचं नाणं १६६३ ते १८१४ पाडलं जात होतं. वजन सुमारे ८.४ ग्रॅम, सोनं २२ कॅरटचं, म्हणजे आजच्या हॉलमार्कचं ९१६. छाप झिजला म्हणून कसोटीवरचा कस बदलत नाही, आणि पितळेवर राजाचं डोकं उठवलं म्हणून सोनं होत नाही. मराठीत :

पदे म्हणाल छाप ती,
नि सोनं तो तरीही.

'नि सोनं' ऐवजी 'सुवर्ण' घेतलं तर वृत्त अगदी निर्दोष होतं. पण बर्न्सनं 'गोल्ड' न लिहिता 'गाउड' हा घरचा स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीतला, शब्द लिहिला, तेव्हा आपणही घरचाच घ्यावा. गाताना 'नं' आखडता येतो.

'छाप' हा शब्द बडोद्यात आणखी खोल जातो. चौथ्या कडव्यात बर्न्स म्हणतो की राजा कुणालाही सरदार, मार्क्विस, ड्यूक करू शकतो, पण प्रामाणिक माणूस घडवणं त्याच्या हातात नाही. बडोद्याच्या राजानं खरोखर एका माणसाला पाठबळ दिलं होतं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला इथं आले. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे लांबून कागद फेकत. राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि कामाटीबागेत, आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून त्यांना गाडीची वाट पाहावी लागली. राजानं दिलेलं पद त्या दिवशी निरुपयोगी ठरलं, कारण लोक दुसराच छाप वाचत होते, जन्मावर मारलेला. बर्न्सच्या गाण्यात वरून दिलेल्या मानाची गोष्ट आहे, जन्मानं लादलेल्या अपमानाची नाही. म्हणून भाषांतरात 'पद' काढून 'जात' घालावी का, हा प्रश्न इथं येतोच. घालू नये, असं माझं मत आहे. गाणं ज्याबद्दल आहे ते त्याचं त्याच्याकडे राहू द्यावं. 'छाप' शब्द दोन्ही अर्थ पेलतो, आणि बडोद्यात तो ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ सांगावा लागत नाही.

हे गाणं लिहिणारा माणूस सरकारी नोकर होता, हेही गाताना लक्षात असू द्यावं. बर्न्स स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजला अबकारी खात्यात होता. १७९२ च्या अखेरीस त्याच्या राजनिष्ठेबद्दल तक्रार होऊन चौकशी झाली. पुढच्याच वर्षी एडिंबऱ्यात थॉमस म्यूर या वकिलाला सुधारणांची मागणी केल्याबद्दल १४ वर्षं काळ्या पाण्याची सजा झाली. अशा दिवसांत, जानेवारी १७९५ मध्ये, हे गाणं संपादक जॉर्ज थॉमसनकडे गेलं. बर्न्सनं पत्रात ते हलक्यानं घेतलं : ही खरी कविता नव्हे, दोन-तीन बऱ्या गद्य विचारांना यमक लावलंय इतकंच. ऑगस्टमध्ये ते ग्लासगोच्या एका मासिकात नावाशिवाय छापलं गेलं, आणि पुढच्या जुलैत बर्न्स ३७ व्या वर्षी वारला. चाल आणि 'फॉर ऑ' दॅट'चं पालुपद दोन्ही जुनी, त्यानं स्वतःही ती आधी वापरलेली. लोकांच्या तोंडात असलेल्या चालीत शब्द घातले की ते थांबवणं अवघड जातं. जर्मनीत कवी फ्रायलिग्राथनं १८४३ साली त्याचं भाषांतर केलं आणि १८४८ च्या क्रांतीत त्याच पालुपदावर स्वतःचं नवं गाणं रचलं.

आता गायचं कसं. आठ मात्रांचा ताल केरवा घ्या, एक ओळ म्हणजे एक आवर्तन. मुख्य अडचण उचलीची. ओळ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाही, आधीच्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर सुरू होते. 'जरी'तला 'ज' आठवीवर, 'री' समेवर. 'नि घोंगडे'तला 'नि' आठवीवर, 'घों' समेवर. भजनाची सवय असलेला गट पहिलं अक्षर समेवर टाकतो, मग 'सु' आणि 'च' ही हलकी अक्षरं जोरात पडतात आणि सगळं कडवं लंगडतं. उपाय सोपा : तबल्याशिवाय, फक्त टाळीवर, पहिलं अक्षर टाळीच्या आधी म्हणायचा सराव करा. सात अक्षरांच्या ओळीत सातवी मात्रा रिकामी राहते, श्वास तिथं घ्या. पाचव्या ओळीत 'असेना'च्या 'से'ला दोन मात्रा द्या, नाहीतर ओळ लवकर संपते आणि सगळे गडबडतात.

चाळीस ओळी म्हणजे ३२० मात्रा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत गाणं २ मिनिटं ४० सेकंदांत संपतं, ८० च्या लयीत ४ मिनिटांत. मला ९० च्या आसपास बरं वाटतं, शब्द कळतात. स्वर शुद्ध, मेजर वळणाचे. पट्टी ठरवताना सर्वांत उंच जाणारी ओळ आधी म्हणून पाहा, मग सा ठरवा. सुरुवातीच्या ओळीवरून पट्टी धरली तर बायका-पुरुष एकत्र गाताना अर्धा गट उंच जागी गप्प होतो. चाल स्वरलिपीत उतरवून ठेवा. संगीतकार मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली ज्या बडोद्यात सुरू झाली, तिथं तोंडी पाठांतरावर भागवायचं कारण नाही.

मूळ स्कॉट्स गाणार असाल तर उच्चार इंग्रजी शाळेतले नकोत. 'ऑ' दॅट'मध्ये 'ल' नाही, 'ऑल दॅट' म्हटलं की ओळ जड होते. 'गाउड'चा प्रास 'लाउड'शी. 'र' स्पष्ट, जिभेच्या टोकानं, जो मराठी माणसाला आयताच येतो. तिसऱ्या कडव्यातला 'बर्की' म्हणजे टेचात मिरवणारा पोरगा, 'कूफ' म्हणजे ठोंब्या. या कडव्यात आवाज चढवायचा नाही. स्वतंत्र बाण्याचा माणूस त्या लॉर्डाकडे बघतो आणि हसतो, असं शब्दच सांगतात. मुठी आवळून गायलं तर तो हसणारा माणूस हरवतो.

शेवटच्या कडव्यात सूर बदलतो. इथं प्रार्थना आहे, आणि ओळीच्या आतही यमकं आहेत : 'प्रे'ला 'मे', 'वर्थ'ला 'अर्थ'. 'इट्स कमिंग येट'साठी 'येणार ते तरीही' ही सात अक्षरं नीट बसतात. शेवटी मूळ गाणं माणसामाणसांना 'ब्रदर्स' म्हणतं. 'भाऊ' लिहिलं तर निम्मा गट बाहेर राहतो. मराठीकडे यासाठी एक सुरेख नपुंसकलिंगी शब्द आहे, जो इंग्रजीत इतक्या घरगुती रूपात सापडत नाही :

मनुष्य सर्व भूवरी
भावंडं ती तरीही.

१७०७ नंतर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या स्कॉटलंडच्या संसदेचं १ जुलै १९९९ ला औपचारिक उद्घाटन झालं, तेव्हा गायिका शीना वेलिंग्टननं हे गाणं एकटीनं, कुठल्याही वाद्याशिवाय म्हटलं, आणि शेवटच्या कडव्याला सभागृहातले सदस्य तिच्याबरोबर गाऊ लागले. आपल्याकडेही तसंच बसवावं. चार कडवी एका आवाजात, पेटी फक्त सा-पुरती, तबला नाही. पाचव्या कडव्याच्या 'असेना, तरीही'ला सगळ्यांनी उचलावं, आणि तबला तिथं समेवर यावा. बर्न्सचा जन्मदिवस २५ जानेवारी. बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या एखाद्या घरगुती बैठकीत त्या संध्याकाळी हे म्हणायचं असेल तर डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा बसलं तरी पुरतं. पहिले दोन आठवडे फक्त आठव्या मात्रेच्या उचलीसाठी ठेवा.